येते म्हणायचं राहिलं

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दुकान काही कुठे पळून जात नाही, असं तू म्हणाली होतीस. मी घर सोडून निघाले त्या सकाळी. तू काउंटरमागे उभी राहून कुणाच्या तरी चष्म्याची दांडी वाकवत होतीस आणि वर न बघताच ते वाक्य बोललीस. मी ते सामानात घातलं आणि इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरलं. इथे काही बिनसलं की मी मनाशी म्हणते, असू दे, आपलं दुकान आहे. घरमालकीण कटकट करायला लागली तेव्हा म्हटलं. लग्नाचं जमता जमता फिसकटलं तेव्हाही म्हटलं. खरं तर मला दुकानात यायचं नव्हतं. ते जागेवर आहे एवढं ठाऊक असलं की पुरे व्हायचं.

आणि काल दादाचा जाडजूड लिफाफा आला. दुकान पळून चाललंय, आणि पळवणारी तू आहेस. खालचं दुकान, मागची भिंगं घासायच्या चाकाची खोली, वरच्या खोल्या, सगळी इमारत तू त्या मुलांच्या डोळ्यांच्या दवाखान्याला देऊन टाकणार. बाबांचा अर्धा वाटा आम्हा दोघांकडे आला असल्यामुळे माझी संमती लागते म्हणे. सही करायच्या जागी दादाने पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे. त्याच्या लेखी मी अजून पाचवीतच आहे.

मी सही केलेली नाही. नाही म्हणत नाहीये, केलेली नाही एवढंच.

आधी मला विचारलं का नाहीस? छप्पर गळलं तर लिहितेस, समोरच्या घड्याळजीने मिशी काढली तर दोन पानं लिहितेस, आणि हे मला दादाच्या टाचणी लावलेल्या कागदांतून कळावं?

माझं ठीक चाललंय. पांढरा कोट घालून दिव्याखाली कॅमेऱ्याची भिंगं तपासते. चरा असला तर बाजूला, नसला तर पुढे. त्या भिंगांमागे कुणाचा डोळा लागणार ते कधी कळत नाही. दिवसभर काचा बघायच्या आणि चेहरा एकही नाही, याची सवय होईल असं वाटलं होतं.

आणि तुझ्या अक्षराला काय झालंय? मागच्या पत्रातला ळ बघ, दोरीला गाठ बसल्यासारखा दिसतो.

कळावे. लोभ असावा, आणि असला तर या खेपेला थोडा कागदावरही उतरावा.

तुझी,
भिंगरी


दि. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. पत्र कसलं, फिर्यादच ती. आधी ळ चा निकाल लावते. टेबल डुगडुगतं.

आता दुकानाचं. त्या दवाखान्याची भाड्याची जागा एप्रिलअखेर जाते आहे. डॉक्टरीणबाई मुलांचे डोळे फुकट तपासतात, नंबर काढतात आणि कागद आईबापांच्या हातात देतात. तो कागद घेऊन निम्मी माणसं चष्म्याच्या दुकानापर्यंत पोचतच नाहीत. कुणाला वेळ नसतो, कुणाला दुकानाची पायरी चढायची भीती वाटते. तहानलेल्याला विहिरीचा पत्ता लिहून द्यावा तशातली गत. मी बाईंना म्हटलं की तपासणी पुढे आणि चाक मागे असं एकाच छपराखाली असलं तर पोर चष्मा लावूनच बाहेर पडेल. बाई म्हणाल्या, असं छप्पर कोण देणार. मी वर बघितलं. गळतं आहे, पण छप्पर आहे.

मला कुणी दानशूर समजायचं कारण नाही. मी व्यवहार करते आहे. मरेपर्यंत वरच्या खोल्यांतून मला कुणी हलवणार नाही आणि तुम्हा पोरांच्या तोंडचा घासही जाणार नाही. ते कसं, हे दादा सांगेल. त्याला समजावून सांगायचा भारी सोस आहे, तेव्हा पाणी जवळ घेऊन बस.

माझी एकच अट होती. पुढची खिडकी बुजवायची नाही. नवा चष्मा नाकावर आला की माणसाने समोरच्या घड्याळजीची पाटी वाचायची, ही आपल्याकडची शेवटची तपासणी. खालची ओळ, ‘दुरुस्ती तात्काळ’, वाचता आली म्हणजे चष्मा बरोबर. त्या ओळीतलं एक अक्षरही खरं नाही हे घड्याळजीला आणि मला ठाऊक आहे, पण डोळ्यांना खऱ्याखोट्याशी काय करायचंय. त्याने मिशी पुन्हा ठेवली, हे कळवायचं राहिलं होतं.

विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मला भीड म्हणून दिलेलं हो नको होतं. रागाने अडवून धरलेली सही परवडली.

तुझा चष्मा नीट बसतो का?

कळावे. लोभ आहे. तो कागदावर उतरवण्याइतकी शाई या घरात कधीच नव्हती.

आत्या


दि. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
थोरल्या भावाचे आशीर्वाद, मागितलेले नसले तरी.

आत्या म्हणते तुला नीट समजावून सांग. तेव्हा शांत डोक्याने वाच, आणि मधेच नाक फुगवू नकोस.

आपल्यापुढे तीन वाटा होत्या. आत्ता इमारत विकली तर पैशाचा मोठा लचका कराला जातो आणि आत्या भाड्याच्या घरात. दुसरी, आत्याच्या मागे इमारत आपल्याकडे आली, तर तू तिकडे, आणि मला भिंगातलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे आपण विकूच, आणि घेणारा पाडेलच. तिसरी वाट आत्याची. इमारत आत्ताच दवाखान्याच्या संस्थेला द्यायची, पण वरच्या खोल्यांचा हक्क हयातभर स्वतःकडे ठेवायचा. संस्था दरमहा तिला ठरलेली रक्कम देणार, ती असेतोवर. दान दिल्यामुळे तिचा कर उतरतो, आणि वाचलेल्या त्या पैशातून ती स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवते, ज्याचे वारस तू आणि मी. विमेवाल्यांनी तिचं वय बघून नाकं मुरडली, हप्ता वाढवला, पण विमा दिला. म्हणजे संस्थेला जागा, आत्याला निवांतपणा आणि आपल्याला जागेच्या मोलाचे पैसे. एका दगडात तीन पक्षी, आणि एकही मेलेला नाही. माझ्या नोकरीत असे कागद रोज बघतो, पण स्वतःच्या माणसाचा कागद एका बैठकीत वाचून होत नाही, हे तुला म्हणून सांगतो.

विम्याची कल्पना माझी. अट तिची. पोरांचं उणं करून केलेलं दान मला झोपू देणार नाही, असं म्हणाली.

आणखी एक. संस्थेला मागच्या चाकावर बसायला माणूस हवं आहे, पगारी. निवड आत्यावर सोपवली आहे. तिने आतापर्यंत चौघांना परत पाठवलं. एकाला तर त्याची चष्मा धरायची रीत बघूनच. मी म्हटलं, आत्या, तू माणूस शोधते आहेस की जावई? तर म्हणाली, जावई असता तर चालवून घेतला असता.

टेबलाचं म्हणशील, तर मी परवा त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून आलो. टेबल आता हलत नाही. अक्षर तसंच आहे. बारीक स्क्रू बसवायचं काम ती हल्ली दुसऱ्या दुकानात पाठवते आणि त्याचा कंटाळा येतो म्हणते. मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस, म्हणजे बोलायचं असेल तर माझं नाव घेऊ नकोस.

फुलीवर सही कर. फुलीच्या वर, खाली नाही.

कळावे. राग असावा तेवढा असावा, लोभ त्याहून थोडा जास्त.

दादा


दि. ५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र पाणी पिऊन वाचलं. त्याच्या हिशेबात खोट नाही. दोनदा शोधली, सापडली नाही, म्हणून आणखी चिडले.

खोट एवढीच, की मी त्यात वारस आहे. माझ्या वाट्याला काय येणार ते कागदावर लिहिलंय, आणि ते वाचल्यापासून मी स्वतःची यादी करते आहे. आई गेल्यावर माझी वेणी घालायला तू भरल्या दुकानात गिऱ्हाइकांना थांबवून ठेवायचीस. एक बाई कुरकुरल्या, तर तू त्यांना म्हणाली होतीस की चष्मा उद्या लावलात तरी जग आहे तिथेच राहील, हिची शाळा राहणार नाही. ते. चाकावर पाण्याचा थेंब पडत राहायचा आणि भिंगाची कड घासली जायची तो आवाज. ओल्या काचेचा वास. काचेला वास नसतो असं इथे सगळे म्हणतात. आणि चष्मा लावून झाल्यावर कानामागे फिरणारं तुझं बोट, दांडी टोचते का बघणारं. तू मला जवळ घेतल्याचं आठवत नाही, पण ते बोट आठवतं. मी लहानपणी दांड्या मुद्दाम वाकवून आणायचे. तुला माहीत होतं का?

यांची रक्कम विमेवाल्यांना काढायला सांग.

तू विचारलंस चष्मा नीट बसतो का. नाही बसत. डावीकडे झुकतो. इथे कोपऱ्यावर चांगलं दुकान आहे, पण मी कुणाला हात लावू देत नाही.

आता एक विचारते. मला भीड नको म्हणालीस, तर तूही भीड ठेवू नकोस. इतक्या वर्षांत इतकी पत्रं लिहिलीस, सगळं लिहिलंस, पण एकदाही परत ये असं लिहिलं नाहीस. बाबा गेले तेव्हासुद्धा तुझं पत्र आलं ते सगळं नीट पार पडलं असं. मी रजा टाकून आले, तर दारात म्हणालीस, आलीस का. जणू मी कोपऱ्यावरून आले होते. मला वाटायचं तुला माझी गरज पडत नाही. आता तर इमारतही देते आहेस. मग मी यायचं कुठे, आणि कुणाकडे?

कागद टेबलावर आहे. सही अजून नाही.

लोभ असावा ही विनंती या वेळी खरोखरची आहे.

तुझी,
भिंगरी


दि. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, हे पुरतं लिहिते आहे.

पत्र चार दिवस उशिरा लिहिते. टेबलाला काही झालेलं नाही. हात थरथरतो. दादा चांगला आहे पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, तेव्हा त्याने तुला कळवलं असणारच. दुखत नाही. लहान स्क्रू तेवढे हातात राहत नाहीत. बाकी भांडण करण्याइतकी मी धडधाकट आहे.

वाकवलेल्या दांड्यांचं मला माहीत होतं. कुठलीही दांडी आपोआप रोज त्याच जागी वाकत नाही.

आता तुझा प्रश्न. तुझ्याएवढी नव्हते, बरीच लहान होते, तेव्हा मी दुसऱ्या गावी भिंगांचं शिकायला गेले होते. तिथे एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. खिडकीतून गोदी दिसायची, आणि शिकवणारे म्हणाले होते की तुझा हात बसला आहे, आणखी दोन वर्षं थांब, इथेच काम देतो. तेवढ्यात तुझ्या आजोबांची तार आली. तारेत एकच अक्षर होतं. ये. तारेला शब्दागणिक पैसे पडतात, आणि तुझे आजोबा आखडत्या हाताचे. काय झालं, किती दिवसांसाठी, काही नाही. मी त्याच दिवशी निघाले. आजोबांची नजर गेली होती, चाकावर कुणी नव्हतं, तुझा बाप अजून शाळेत. मी बसले. ती बसले ती बसलेच.

वाईट झालं असं मी म्हणत नाही. हे दुकान नसतं तर तू नसतीस, निदान माझ्या वाट्याला नसतीस. पण एक गोष्ट मला कधीच कळली नाही, की कुणी बोलावलं नसतं तर मी आपणहून परत आले असते का. ते कळायची सोयच त्या अक्षराने ठेवली नाही. म्हणून ठरवलं की ते अक्षर आपण कुणाला लिहायचं नाही. तुझ्या पायाला भिंगरी होती, ती फिरू द्यायची.

माणसं हाक मारत नाहीत, तेव्हा घरं मारतात. मी गेले की ही इमारत तुला हाक मारत बसली असती, आणि तू कर्तव्य म्हणून आली असतीस, कुलूप काढून रडली असतीस. म्हणून ती देऊन टाकते. ज्यांना यायची गरज आहे ती मुलं येतील. तुला फक्त विम्याचं पाकीट येईल. पैसा हाक मारत नाही, हा त्याचा एकच गुण.

आणखी एक, विषय काढलासच म्हणून. त्या सकाळी निघताना तू जाते म्हणालीस. आपल्याकडे जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. येते म्हणाली असतीस तर मी ये म्हटलं असतं. ते काही बोलावणं नसतं, दारातली रीत असते. पण तू जाते म्हणालीस. त्यावर काय म्हणायचं ते मला सुचेना, म्हणून दुकान पळून जात नाही असं काहीतरी म्हणाले. तू ते इतकी वर्षं जपशील हे ठाऊक असतं तर जरा बरं वाक्य शोधलं असतं.

सही तुझ्या मनाने कर. दवाखान्याला एप्रिलअखेर जागा लागेल, हे सांगणं भाग आहे. तुला ये म्हणणं भाग नाही, आणि मी म्हणणार नाही.

कळावे. लोभ आहे, होता.

आत्या


दि. २९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सही सोबत जोडली आहे. फुलीच्या वर, खाली नाही. तिच्याबरोबर अट नाही, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

इमारत दे. सगळी दे, खिडकीसकट. मला विम्याचं पाकीट नको असं मी म्हणणार होते, पण तेही असू दे. दादाचा तिसरा पक्षी उगाच कशाला मारायचा. फक्त संस्थेला द्यायच्या सामानाच्या यादीतून तुझा तो पितळी मुठीचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढ. संस्थेला नवा मिळेल. मला वारसा म्हणून तेवढा हवा आहे.

मी डॉक्टरीणबाईंना पत्र टाकलं. तुझ्याशी असलेलं नातं आधी लिहिलं नाही, काय काम येतं ते लिहिलं. नातं शेवटी लिहिलं, लपवून कसं ठेवणार, तूच निवडणार आहेस ना. त्यांचं उत्तर आलं की महिनाभर चाकावर बसवून बघू, पण निवडणाऱ्या बाई कडक आहेत, त्यांनी चौघांना परत पाठवलं आहे. तू ती जागा कुणासाठी राखते आहेस, ते मी विचारत नाही. माझी चष्मा धरायची रीत तुझीच आहे, एवढं सांगून ठेवते.

इथे कामावर, नोकरी सोडून निघते आहे असं कळवलं आहे. माझ्या वरिष्ठांनी विचारलं की घरी कुणी आजारी आहे का, कुणी बोलावलं का. मी म्हटलं, नाही, कुणी बोलावलं नाही. हे बोलताना मला इतकं बरं वाटलं की त्या माणसाला वाटलं मी पगारवाढ मागतेय.

तुला जे कधी कळलं नाही ते मला कळलं आहे, आत्या. तू न बोलावून ते मला ठेवलंस. याची किंमत दादाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण वारसाला मिळालं ते हेच. माझी काही वर्षं मात्र तुझ्याविना गेली, आणि त्यांचा हिशेब मी कुणाकडे मागू ते कळत नाही. रोज त्या दिव्याखाली बसून मी कुणाचं तरी बोट कानामागे फिरायची वाट बघत होते.

बारीक स्क्रू मी बसवीन. तू शेजारी बसून नावं ठेव. वरच्या मागच्या खोलीत मी राहीन, तुझ्या हयातभरच्या हक्काची पाहुणी म्हणून. पुढे मी कुठे जाईन ते पुढे बघू. पायाला भिंगरी आहे, ती काही मी काढून ठेवलेली नाही.

तर आत्या, येते.

हे आत्ताचं नाही, त्या सकाळचं राहिलेलं आहे. तेव्हा म्हणायचं राहिलं, म्हणून आत्ता म्हणते. दारातून येते म्हणणाऱ्याला घरातल्या माणसाने काय म्हणायचं असतं, ते तूच लिहिलं आहेस. ते बोलावणं नसतं, रीत असते, असंही तूच लिहिलं आहेस. तिकीट काढून झालंय, तेव्हा त्या अक्षराने आता कुणाचं काही अडणार नाही की कुणाची सोय जाणार नाही. तरीही तू ते लिहिणार नाहीस. चार ओळी घड्याळजीच्या मिशीवर लिहिशील आणि खाली सही करशील.

लोभ असावा, असं मी आता मागत नाही. तो कानामागे टोचतो आहे, डावीकडे.

पत्ता घालून एक कोरं कार्ड सोबत ठेवते. एकच अक्षर आहे, हात कितीही थरथरला तरी मला वाचता येईल. लिही ना.

तुझी,
भिंगरी